मीलवर्म पाळायचे कसे, खायचे कसे अन लोकांना सांगायचं कसं: मराठवाड्याच्या उन्हात जमेल अशी पद्धत

बीड-जालन्याकडं रेशीम करणारी कितीतरी घरं आहेत, जालन्यात तर २०१८ पासून कोषाचं मार्केट भरतंय. म्हणजे अळ्या पाळणं, त्यांना टायमावर पाला टाकणं, शेडमधी गरमी किती झाली ते बघणं हे आपल्या लोकांना काही नवीन नाही. पण अळी खायची म्हणलं की लोक तोंड फिरवतात. कोरियात धागा काढून झाल्यावर उरलेला कोषातला किडा उकडून रस्त्यावर विकतात, आसामात बोडो लोक एरी रेशमाचा किडा आवडीनं खातात, बस्तरमधी लाल मुंग्यांची चटणी आठवडी बाजारात मिळते, ओडिशातल्या मयूरभंजच्या तसल्याच मुंग्यांच्या काई चटणीला तर जानेवारी २०२४ मध्ये जीआय टॅग, म्हणजे त्या भागाची खास चीज म्हणून सरकारी मान्यता, मिळालाय. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेनं २०१३ लाच सांगितलं होतं की जगातल्या किमान २०० कोटी लोकांच्या पारंपरिक जेवणात किडे असतात. तेव्हा हे काही जगावेगळं खाणं नाही, फक्त आपल्या ताटात नाही. या लेखात मी सांगतेय ते मीलवर्मचं, म्हणजे कोरड्या कोंड्यात वाढणाऱ्या पिवळट अळीचं.

मला यात एवढा रस का, तर पाण्यामुळं. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको. कमी पाण्यात, कमी जागेत, चारा न पेरता प्रोटीन तयार होत असेल तर ते आपल्याकडंच आधी व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण एक गोष्ट आधीच क्लिअर करते. पाणी वाचतं असं सगळेच म्हणतात, ते तेव्हाच खरं जेव्हा आपण अळीला डाळमिलची चुनी, गिरणीतला कोंडा असला उरलासुरला माल घालतो. तिच्यासाठी मुद्दाम मका-सोयाबीन पेरून खाऊ घालणार असाल तर त्या पिकाचं पाणी हिशोबात धरावंच लागतं, अन मग कोंबडीपेक्षा लई मोठा फायदा राहत नाही. लातूरसारख्या ठिकाणी डाळमिला आहेत, चुनी-कोंडा पोत्यानं मिळतो, म्हणून इथं हा हिशोब बसतो.

अन दुसरं, जो माणूस पक्का शाकाहारी आहे त्याला याची काहीच गरज नाही. सोयाबीनच्या वडीतबी शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, वाळलेल्या मीलवर्ममधी साधारण तेवढंच. ज्यांच्या घरी मटण-अंडी चालतं अन मटणाचा भाव परवडत नाही, त्यांच्यासाठी हा लेख.

मीलवर्मच का

रातकिडे पाळतात, काळी सैनिक माशी पाळतात, पण घरात सुरुवात करायला मीलवर्म सगळ्यात सोपा. हा एका काळ्या भुंगेऱ्याची पिवळट अळी आहे, पिठात होणाऱ्या पोरकिड्याच्या खानदानातलाच, पण अळी वाढून इंचभर लांब होते. आवाज नाही, कोरड्या कोंड्यात राहतो, गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही म्हणून ट्रेमधून पळत नाही. युरोपात माणसाच्या खाण्यासाठी जो पहिला किडा मंजूर झाला तोबी हाच, २०२१ साली. काळी सैनिक माशी खरकट्यावर वाढते, कोंबड्यांसाठी एकदम भारी, पण खरकट्यावर वाढलेलं मी माणसाच्या ताटात सुचवणार नाही.

शेतातले किडे, हुमणी, टोळ, सोयाबीनवरच्या अळ्या, हे पकडून खायचं तर डोक्यातून काढूनच टाका. आपल्याकडं सोयाबीन अन कापसावर किती फवारण्या होतात ते तुम्हाला माहितीये, ते सगळं त्या किड्याच्या अंगात असतं.

बियाणं म्हणजे जिवंत अळ्या. पक्षी अन मासे पाळणाऱ्यांना विकणारे लोक असतात त्यांच्याकडं मिळतात, ऑनलाइनबी मिळतात. पाव किलो मोठ्या अळ्या घ्या, त्यात साधारण दोन हजार नग येतात, सुरुवातीला बास. आलेली पहिली पिढी खायची नाही हे लक्षात ठेवा, तिला आधी काय खाऊ घातलं होतं ते आपल्याला माहीत नसतं. तिची पिल्लं आपल्या कोंड्यावर वाढली की ती आपली.

कधी सुरू करायचं

हे पुस्तकात कुणी सांगत नाही कारण पुस्तकं थंड देशातली. मीलवर्मला २५ ते २८ डिग्री मानवतं, ३० पर्यंत चालतं, ३५ च्या वर गेलं की वाढ बिघडते अन मरायला लागतात. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ४२-४३ नेहमीचं. म्हणून जुलैत सुरू करा, ऊन उतरलेलं असतं. विकत आणलेल्या मोठ्या अळ्या दोन-तीन आठवड्यांत कोषात जातात, आठ-दहा दिवसांनी भुंगेरे निघतात, ते आठवडा-दीड आठवड्यानं अंडी घालायला लागतात, अंडी फुटायला अजून आठवडा, मग अळी मोठी व्हायला दोन ते अडीच महिने. म्हणजे पहिला माल ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हुरड्याच्या आधीच हातात. त्यानंतर दर आठवड्याला थोडं थोडं निघत राहतं, मार्चपर्यंत बिनघोर.

नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात २०१२ साली दिसलं की मीलवर्मला जमीन खूप कमी लागते, हवामान तापवणारा वायूबी कमी निघतो, पण वीज बरीच जाते कारण तिथं खोली तापवावी लागते. आपल्याकडं ऑगस्ट ते फेब्रुवारी तो खर्च जवळपास नाहीच, फक्त डिसेंबर-जानेवारीत परभणीकडं रात्री लई गारठा पडतो तेव्हा खोली बंद ठेवायची, पोती टाकायची. वाढ हळू होते, मरत नाहीत.

जागा अन ट्रे

जुन्या मातीच्या भिंतीची, धाब्याची खोली असेल तर त्याहून चांगलं काही नाही, पत्र्याची खोली मात्र नको. दहा बाय दहाचीबी लई झाली, सुरुवातीला एका रॅकपुरता कोपरा पुरतो. धान्याच्या कोठीपासून, ज्वारी-गव्हाच्या पोत्यांपासून लांब पाहिजे, कारण हा शेवटी धान्यातलाच किडा आहे, सुटला तर पिठात शिरेल. रेशमाच्या शेडमधीबी ठेवू नका, तिथं चुना अन निर्जंतुकीकरणाची पावडर सारखी मारावी लागते, अन एकाचा रोग दुसऱ्याला लावायची रिस्क कशाला घ्यायची.

दोन-सव्वादोन फूट लांब, दीडेक फूट रुंद असे गुळगुळीत प्लास्टिकचे क्रेट घ्या, भोकं नसलेले. चार-पाच क्रेट, वर बांधायला सुती कापड, एक साधं डिजिटल मीटर ज्यावर टेम्परेचर अन आर्द्रता दोन्ही दिसतं, दोन चाळण्या एक बारीक एक रव्याची, अन तोंडाला मास्क. मास्क हौस म्हणून नाही सांगत, वाळलेली कात अन लेंडीची धूळ रोज नाकात गेली तर काही लोकांना दमा-ॲलर्जी होते, म्हणून चाळताना मास्क लावायचाच अन शक्यतो बाहेर ओसरीत चाळायचं.

रॅकच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या, आजी जाळीच्या कपाटाला ठेवायच्या तशा, पाण्यात दोन थेंब साबण. मुंग्या हा एक नंबरचा दुश्मन आहे, एका रात्रीत ट्रे साफ करतात. पण मुंग्यांसाठी खडू मारणं, स्प्रे मारणं, त्या खोलीत मच्छरची अगरबत्ती लावणं एकदम बंद, मुंगीला मारणारं औषध अळीलाबी मारतं. पाली, उंदीर, कोंबड्या यांच्यापासून वर कापड अन दाराला जाळी.

कोंडा

गव्हाचा कोंडा मुख्य. त्यात चार भागाला एक भाग तुरीची किंवा हरभऱ्याची चुनी मिसळली तर वाढ चांगली होते. कोंडा कुठून आणला ते विचारून घ्या. ज्या गव्हात सल्फासच्या गोळ्या टाकल्या होत्या तो नको, अन घरातल्या धान्यात आपण कडुनिंबाचा पाला टाकतो तो तर अजिबात नको, निंबामुळं अळीला कातच टाकता येत नाही. बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका फुकट मिळाली तरी घेऊ नका, बुरशीचं विष आपल्याच पोटात येईल.

नवीन कोंड्यात आधीच बारीक कोळी-किडे असतात. काळ्या प्लास्टिकमधी गुंडाळून कडक उन्हात दोन दिवस ठेवा, किंवा पावसाळ्यात कढईत कोरडाच गरम करून गार करा. क्रेटमधी दोन इंच थर पुरे.

पैदास

इथं बरेच जण गडबडतात, म्हणून नीट वाचा. अळी कोषात गेली की ती पांढरी, वाकडी, हलत नाही अशी दिसते. ती लगेच वेगळ्या डब्यात काढायची, कारण भुकेल्या अळ्या अन भुंगेरे तिला खातात. हातानं नाही, चमच्यानं किंवा मऊ ब्रशनं. डब्यात कोंडा नसला तरी चालतं, खाली कागद टाका.

भुंगेरे निघतात ते आधी पांढरे, मग तपकिरी, मग काळे. चार-पाचशे भुंगेरे एका क्रेटमधी, खाली इंचभर बारीक कोंडा. मादी अडीचशे ते पाचशे अंडी घालते, ती कोंड्यात चिकटलेली असतात, डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून काहीच झालं नाही असं समजून कोंडा फेकून देऊ नका. दर आठवड्याला भुंगेरे रव्याच्या चाळणीनं चाळून नव्या कोंड्यात टाकायचे अन जुना क्रेट तारीख लिहून बाजूला ठेवायचा. ही तारीख लिहायची सवय लावलीत तर अर्धं काम झालं, कारण एका क्रेटमधी एकाच वयाच्या अळ्या राहतात, पुढं काढणीला सोपं जातं. दोन-अडीच आठवड्यांनी कोंडा बघा, हलताना दिसेल.

रोजचं काम

पाणी वाटीत ठेवायचं नाही, कोंडा भिजला की बुरशी अन बुरशी आली की कोळी. ओल फक्त भाजीतून: गाजराचे, लाल भोपळ्याचे, बटाट्याचे तुकडे, धुऊन साल काढून. संध्याकाळी टाकायचे, सकाळी उरलेले काढायचे. पालेभाजी मी टाळायला सांगते, बाजारातल्या मेथी-कोथिंबिरीवर काय मारलेलं असतं ते सांगता येत नाही. आर्द्रता साठ-सत्तरच्या आसपास असावी, पावसाळ्यात ती नव्वदला जाते तेव्हा भाजी निम्मी करा अन खिडकी उघडी ठेवा.

कोंडा वाळूसारखा बारीक व्हायला लागला की ती लेंडी समजायची. चाळा, नवा कोंडा टाका. लेंडी झाडांना एक नंबर खत आहे, वांग्या-मिरचीच्या बुडाला मूठ-मूठ टाका.

गर्दी हा दुसरा दुश्मन. एका क्रेटमधी मोठ्या अळ्या किलोभरापेक्षा जास्त नकोत. अळ्या जास्त झाल्या की त्यांच्याच अंगाची गरमी साठते, खोली २८ असली तरी कोंड्यात हात घातला की गरम लागतं, तिथंच माल मरतो. म्हणून मीटरचं टोक हवेत नाही, कोंड्यात खुपसून बघायचं.

काढणी

अळी इंचभर झाली, रंग सोनेरी झाला, अन एखाद-दुसरी कोषात जायला लागली की काढायची. चाळून स्वच्छ रिकाम्या क्रेटमधी एक दिवस उपाशी ठेवा म्हणजे पोट रिकामं होतं. मेलेली, काळी पडलेली एकूण एक वेचून टाका. मग डब्यात भरून रात्रभर फ्रीजरमधी. सकाळी भरपूर उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं, पाणी परत खदखदायला लागल्यापासून मोजायची. ही स्टेप चुकवायची नाही, भाजणार आहे म्हणून उकळलं नाही असं चालत नाही. उकळल्यावरबी काही जंतूंचे बीज टिकतात, म्हणून ओल्या तशाच परातीत दुपारभर ठेवायच्या नाहीत, निथळून लगेच वाळवायला.

उघड्या गच्चीवर वाळवणं नको, माशा अन धूळ बसते. सोलर ड्रायर असेल तर उत्तम, बऱ्याच बचत गटांकडं भाजी वाळवायला असतो. नसेल तर ओव्हनमधी ६०-७० डिग्रीवर, दार किंचित उघडं ठेवून. बोटात चुरगाळली की कट्टकन तुटली पाहिजे, वाकली तर अजून ओल आहे. तीन किलो ताज्याचे साधारण एक किलो वाळलेले होतात. हवाबंद बरणीत, तारीख घालून, जमलं तर फ्रीजमधी, कारण यात तिसऱ्या हिश्श्याएवढं तेल असतं, उन्हाळ्यात खवट होतं.

खायचं कसं

पहिल्यांदा अख्खी अळी कुणाच्या ताटात ठेवू नका. आपल्याकडं कुटून खायची केवढी मोठी परंपरा आहे, शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी, येसर, त्यातच हे बसतं. मंद आचेवर भाजा, खमंग वास सुटतो, चव शेंगदाणा अन भाजलेल्या हरभऱ्याच्या मधली. गार करून मिक्सरला थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो.

मला सगळ्यात चांगली वाटते ती चटणी: तीन वाट्या भाजलेले शेंगदाणे, एक वाटी ही पावडर, लसणाचा एक गड्डा, लाल तिखट, जिरं, मीठ, खलबत्त्यात कुटलेली. वरून तेलाची धार अन गरम भाकरी. भाकरीच्या पिठात घालायचं असेल तर दहा वाट्या ज्वारीला अर्धी वाटी, त्याच्या वर गेलात तर थापताना तडकते. धपाट्यात मात्र वाटीभर सहज खपते, गहू-बेसन असतं म्हणून धरून ठेवतं अन तीळ-ओव्यात चव मिसळून जाते.

आता ॲलर्जी. ज्याला कोळंबी, झिंगे, खेकडा खाऊन अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, दम लागतो, त्यानं हे चाखायचंसुद्धा नाही. दोन्हीच्या अंगातलं प्रोटीन सारखं आहे. धुळीची ॲलर्जी असलेल्यांनाबी त्रास होऊ शकतो, अन आपल्या गावांत अर्ध्या लोकांनी आयुष्यात कोळंबी खाल्लेलीच नसते, म्हणजे ॲलर्जी आहे का नाही हे त्यांनाच माहीत नसतं. म्हणून पहिल्या दिवशी अर्धा चमचा, तेबी दुपारी, दवाखाना उघडा असताना. लहान लेकरं अन गरोदर बायांना सुरुवातीला नको.

लोकांना सांगायचं कसं

इथं माझं मत एकदम ठाम आहे: आधी सांगायचं, मग वाढायचं. चटणीत घालून खाऊ घालायची अन खाल्ल्यावर "कशी वाटली, अळीची होती" म्हणायचं, असे व्हिडिओ लई चालतात, पण ते मला पटत नाही. कुणाच्या गळ्यात माळ असते, कुणाचा चातुर्मास असतो, कुणी जैन असतं, कुणाला ॲलर्जी असते. एकदा फसवलं की तो माणूस आयुष्यभर हात लावणार नाही अन चार गावांत सांगेल. बरणीवर मोठ्या अक्षरात लिहा काय आहे ते. भांडी, खलबत्ताबी वेगळा ठेवा.

"गरिबांचं प्रोटीन" असं तर कधीच म्हणू नका. आपल्याकडं खाण्यावरून माणसाला खालचं ठरवायची वाईट सवय आहे, कोण काय खातं यावरून पंगतीतून उठवलेली माणसं अजून जिवंत आहेत. हे खाणं कुणाच्या माथी मारायचं नाही. ज्यांना खायचंय त्यांनी चारचौघांत मानानं खावं, एवढंच.

हुरड्याला घरची, भावकीतली मंडळी जमतात तेव्हा चार चटण्यांच्या शेजारी ही पाचवी ठेवा, पाटी लावून, अन आपण आधी खा. पोरंसोरं पहिले हात घालतात, मग काका लोक. नाही खाल्लं कुणी तर आग्रह करायचा नाही. क्रेट दाखवा, लोकांच्या मनात अळी म्हणजे सडकं-कुजकं असतं, कोरड्या कोंड्यातली स्वच्छ अळी बघितली की निम्मी किळस जाते.

विकायचं म्हणाल तर

माणसाच्या खाण्यासाठी विकायला पापड-लोणच्यासारखं साधं रजिस्ट्रेशन चालत नाही, हे आपल्याकडच्या नेहमीच्या खाद्यपदार्थांच्या यादीतलं नाही म्हणून एफएसएसएआयची, म्हणजे अन्नाचे नियम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, आधी वेगळी मंजुरी लागते, २०१७ च्या नियमानं. ती मिळेपर्यंत घरच्यापुरतंच. पैसा कोंबडीवाले, मासेवाले, पक्षी पाळणारे यांच्याकडून येतो, आपल्या गावरान कोंबड्यांना खाद्यात थोड्या घातल्या तरी विकतचं खाद्य वाचतं. कृषी विज्ञान केंद्रात, परभणीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्राची माणसं आहेत, त्यांना जाऊन भेटा, प्रश्न विचारा.

अन कुणी म्हणलं की पाच लाखाचा सेटअप घ्या, माल आम्हीच परत घेऊ, तर इमू पक्षी आठवा, कडकनाथ कोंबड्या आठवा. बायबॅकच्या नावाखाली महाराष्ट्रातले कितीतरी शेतकरी बुडाले. चार क्रेटला कर्ज लागत नाही.

मार्च लागला की

खोलीत ३३ दिसायला लागलं की सगळा मोठा माल काढून वाळवून घ्या. बियाण्यापुरत्या पाव-अर्धा किलो धडधाकट अळ्या कोंड्यासकट डब्यात, झाकणाला बारीक भोकं पाडून, फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, तिथं त्या झोपी गेल्यासारख्या राहतात अन कोषात जात नाहीत. आठवड्यातून एकदा रात्री बाहेर काढून गाजराचा तुकडा टाकायचा, सकाळी परत आत. जमिनीच्या आत असलेलं बळद किंवा तळघर असेल तर भिंतीला ओली पोती लावून एखादा क्रेट तिथं चालू ठेवता येतो, पण कूलरची हवा थेट कोंड्यावर सोडू नका, ओल धरून बुरशी येते. जून संपता संपता खोली तीसवर आली की डबे काढायचे, काळ्या पडलेल्या वेचून टाकायच्या, नव्या कोंड्यात टाकून पहिले दोन दिवस गाजर जास्त द्यायचं, अन क्रेटवर नवी तारीख लिहायची.